फिट आहे ना?
रक्त काढण्याआधी नर्स कोपराच्या खळीत कापूस फिरवते आणि त्या स्पिरिटच्या वासासरशी मी गोंदियाच्या त्या हॉलमध्ये जाऊन पोहोचते. जिल्ह्याची बॉक्सिंग स्पर्धा होती, शेजारच्या राईस मिलचा कोंडा खिडकीतून उडून रिंगवर बसत होता, आणि आम्ही मुली वजन करून डॉक्टरांपुढे रांगेत उभ्या होतो, कारण त्यांच्या सहीशिवाय कुणालाच रिंगमध्ये उतरता येत नसे. माझ्यापुढे माझी सरावातली जोडीदार होती आणि तिच्यासोबत तिची आई, पोरीचा खेळ बघायला देवरीकडच्या खेड्यातून पहिल्यांदाच आलेली. डॉक्टरांनी नाडी बघत सहज विचारलं, "लडकी फिट है ना?" आई घाईघाईने म्हणाली, "फिट येत होती जी, पण दिवाळीपासून नाही आली." डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी पुन्हा विचारलं, तर तोंडाला फेस कसा येतो तेही तिने भोळेपणाने सांगून टाकलं. "काऊन सांगतलं वं माय!" जोडीदार ओरडलीच. झटके येणाऱ्याला रिंग बंद, हा नियम तिला ठाऊक होता. मला मात्र तिचे झटकेच ठाऊक नव्हते. वर्षभर रोज संध्याकाळी मी तिच्याच डोक्यावर ठोसे मारत आले होते. तेवढ्यात तिने माझा हात धरून मला डॉक्टरांपुढे ओढलं, "हिले विचारा जी, हे रोज माह्या डोक्यावर मारते, एकदा तरी आली का फिट?" मी हात सोडवून घेतला आणि मुठी उघडून पाठीमागे धरल्या. "ताई," नर्स दुसऱ्यांदा सांगते, "मूठ आवळा ना."