मनिरामची महागडी गरी

पाण्यात उतरून ज्याने जाळं ओढलं त्याला हातचा वाटा, आणि जो तलावाच्या पाळीवर, बांधावर, बसून राहिला त्याला बसत्याचा. ढिवरांच्या त्या गावात हा नियम कधी झाला, कुणी केला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. उन्हाळ्याच्या तोंडाला मोठ्या तलावाचं पाणी उतरलं की मच्छीमार सोसायटीचं मोठं जाळं लागायचं. मासोळी पाळीवर ओतली की आधी हातच्यांचे ढीग पडत, एकसारखे, प्रत्येकात एखादा तरी भरदार रोहू नाहीतर कतला. मग जे उरेल त्याचे अर्धे-अर्धे ढीग म्हाताऱ्यांसाठी, विधवांसाठी, आजाऱ्यांसाठी. तो वाटा घेण्यात लाज नव्हती. फक्त तो घेणाऱ्याला कुणी विचारत नसे, जाळं उद्या लावायचं की परवा.

मनिरामला विचारत. त्याच्यासारखं फेकजाळं टाकणारा माणूस आसपासच्या चार तलावांवर नव्हता. सुलोचनाबाई लग्न होऊन आली तेव्हा एका सकाळी पाणी भरायला गेली आणि घागर तशीच कमरेवर ठेवून उभी राहिली. कमरभर पाण्यात उभा असलेला तिचा नवरा एकदा कमरेत वळला आणि त्याच्या हातातून जाळं निघालं ते हवेतच उमललं. पाण्यावर पडलं तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.

पावसाळ्यात तलाव बंद. त्या दिवसांत मनिराम गोंदियाला, फुलचूरच्या अलीकडच्या एका राईस मिलमध्ये हमालीला जायचा. दोन हजार नऊच्या पावसाळ्यात मिलच्या पट्ट्याने त्याचा उजवा हात कोपराखाली ओढून घेतला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात जाळं लागलं तेव्हा तो पाळीवर बसला होता, आखूड हातावर दुपट्टा टाकून. सोसायटीचा अध्यक्ष गोवर्धन त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार. दोघांनी एकाच जाळ्याची दोन टोकं वीस-बावीस वर्षं धरलेली. गोवर्धनने त्याच्यापुढे अर्धा ढीग ठेवला. मनिरामने त्याकडे पाहिलं आणि तो उठला.

"कुत्र्याले टाक," तो म्हणाला.

सुलोचनाबाईने मागे राहून ती मासोळी पिशवीत भरली. रांधली. मनिरामने ताट बाजूला सारलं.

"अर्धा तं अर्धा," ती म्हणाली. "आपल्या तलावाचा हाये. भीक हाये का?"

"मी मेलो का?"

"मेले असते तं मले भेटला असता तो. तुमाले कायले देते मग?"

असं पुढचे पाच-सहा महिने चाललं. तो घरात बसे, नाहीतर पाळीवर जाऊन परत येई. बोलणं कमी झालं, मग जवळजवळ बंद झालं. सुलोचनाबाई धानाच्या रोवणीला, निंदायला, मिळेल त्या कामाला जात राहिली. संध्याकाळी घरी आली की नवरा सकाळी जिथे होता तिथेच दिसायचा आणि तिला कामाहून आल्याचा थकवा तेव्हा यायचा.

त्यांचा मुलगा प्रफुल नागपूरला मोबाइलच्या दुकानात कामाला होता. दिवाळीत तो एक लांब काळी पिशवी खांद्याला लावून आला. आतून निघाली मासे धरायची काडी, चकचकीत, हलकी, टोकाला बारीक होत गेलेली. बुडाशी चकरी, चकरीवर हिरवा दोरा. गरी म्हटलं की गावाला ठाऊक होती ती बांबूची काडी, नायलॉनचा दोरा आणि गळाला गांडूळ. तिने पोरं मासे धरत, नाहीतर म्हातारे वेळ घालवत. हे काहीतरी निराळंच होतं. दुपारपर्यंत अर्धं गाव अंगणात.

"केवढ्याची बे?" केशोरावने विचारलं. केशोराव गावातला सगळ्यात जुना बसता, तोंडाने मात्र कधी न बसलेला.

प्रफुलने आधी टाळलं. मग म्हणाला, "दोन महिन्यांचा पगार."

"अरे बाप्पा! येवढ्यात तं बकरी आली असती. ते पिल्लं तरी देते."

"बकरी मासे धरत नाई, आजा."

"हे तरी धरते का? का नुसतीच नागपूरवानी दिसते?"

सगळे हसले. मनिरामही हसला. सुलोचनाबाईने ते पाहिलं. प्रफुलने काडी बापाच्या हातात दिली. मनिरामने ती डाव्या हातात तोलली, हलवून टोकाची थरथर पाहिली. मग चकरी फिरवायला दुसरा हात पुढे केला, आणि दुपट्ट्याखालचा आखूड हात नुसताच हवेत हलला.

हसणं थांबलं. दुकानात प्रफुलने सगळं विचारलं होतं. काडी किती वजन पेलते, दोरा कशाचा, गॅरंटी किती दिवसांची. बापाला एकच हात आहे हे दुकानदाराला ठाऊक नव्हतं आणि प्रफुलच्याही तोंडून निघालं नव्हतं.

"वापस करतो मी," तो खाली पाहत म्हणाला.

"राहू दे," सुलोचनाबाई म्हणाली. घरामागे सायकलची जुनी ट्यूब पडली होती. तिने विळ्यावर तिची लांब पट्टी कापली, काडीचा दांडा नवऱ्याच्या आखूड हाताला लावला आणि कोपरापासून खाली पट्टी गुंडाळत नेली. गाठ मारली. मनिरामने हात वर केला. काडीही वर झाली. त्याने डाव्या हाताने चकरी फिरवली. किर्र आवाज आला.

"बकरी ओरडून राहिली," केशोराव म्हणाला, पण या वेळी कुणी हसलं नाही.

त्या हिवाळ्यात सुलोचनाबाई रोज सकाळी नवऱ्याच्या हाताला काडी बांधून द्यायची आणि ऊन तापलं की पाळीवर जाऊन सोडायची. सोसायटीने सोडलेले रोहू-कतले गरीने धरायचे नाहीत, हा नियम होता. आपोआप वाढणारी मरळ, लहानसहान मासोळी, ती कुणीही धरावी. पहिले काही दिवस मनिरामचा दोरा पाणवनस्पतीतच अडकत राहिला. मग मरळ लागू लागली. सडकेवर बसून तो ती विकू लागला. पैसे फार नव्हते. पण संध्याकाळी तो बोलायला लागला होता, कुठे लागली, कशी पळाली, कशी दमवली.

"चांगली हाये का पन खरंच?" तिने एकदा विचारलं. "येवढे पैशे घातले पोरानं."

मनिराम बराच वेळ दोऱ्यावरून बोट फिरवत राहिला. "बांबूच्या गरीले मोठा मासा लागला का दोरा तुटते, नाई तं काडी मोडते. मासा आपल्या रस्त्यानं, आपून आपल्या," तो म्हणाला. "हे तुटत नाई."

त्याच्या आवाजात ती पूर्वीची ऐट होती. सुलोचनाबाईला तेवढंच ऐकू आलं.

पुढचा उन्हाळा आला. जाळं लावायचं ठरवायला माणसं पाळीवरच्या चिंचेखाली बसली, तेव्हा मनिराम तिथे गेला आणि उभा राहिला.

"मले हातच्यात धर," तो गोवर्धनला म्हणाला.

"कसा धरू गा?"

"तुमी जारं वढजा. खोडांच्या बाजूनं मी डोंग्यात राहीन गरी घेऊन. जारं आलं का मोठे कतले तिकडंच पळते, तुले मालूम नाई का? एकतरी काढतो. ढिगात टाकतो."

तलावाच्या पूर्वेला पाण्यात जुनी झाडं उभ्या-उभ्या मेली होती. त्यांची खोडं आणि मुळं तळाशी तशीच होती. तिथे जाळं फाटायचं म्हणून तो भाग सोडून ओढत. मोठी मासोळी तिथे लपते हे सगळ्यांनाच माहीत होतं.

"जारं वढनं अन् गरी टाकनं एक नाई," मागून कुणीतरी म्हणालं.

"ढिगात पडते ते एकच हाये," मनिराम म्हणाला.

गोवर्धनने तंबाखू मळली, तोंडात टाकली. त्याला नाही म्हणायचं होतं, आणि म्हणवत नव्हतं. "ठीक हाये," तो शेवटी म्हणाला. "एक कतला टाक ढिगात, मोठा. तुया वाटा हातचा, या वर्सी अन् पुढंही. नाई निंगाला, तं मंग हे गोष्ट पुन्हा काढाची नाई."

"नाई काढत."

जाळ्याच्या दिवशी मनिराम अंधारातच उठून बसला होता. उजाडल्यावर सुलोचनाबाईने पट्टी बांधली.

"कस," तो म्हणाला.

"कसली नं."

"अजून. आज मरळ नाई हाये."

"रगत थांबन तुमचं."

"कस म्हनतो नं, वो."

तिने गुडघा त्याच्या हाताशी टेकवून पट्टी ताणली आणि एकावर एक दोन गाठी मारल्या.

पाळीवर बायका, पोरं, बसते, मासे न्यायला आलेले व्यापारी. पाण्यात माणसांची लांब रांग अर्धगोल होत चालली होती, एका टोकाला गोवर्धन. पलीकडे खोडांच्या काळ्या टोकांमध्ये डोंगा, एका माणसापुरती अरुंद होडी, आणि तीत एकटा मनिराम. जाळं आवळत गेलं तसं पाणी आतून उकळल्यासारखं हलू लागलं. मासे उड्या मारून जाळ्यावरून पडू लागले.

तेवढ्यात चकरी ओरडली. पाळीपर्यंत ऐकू आली, किर्रर्र, लांबलचक. काडी वाकून पाण्याला टेकली.

"लागला!" मनिराम ओरडला. "गोवर्धन, लागला गा!"

केशोराव काठी टेकत उभा राहिला. "सोडजो नोको, लेका!" पाण्यातली माणसंही ओढता ओढता ओरडू लागली. मनिराम डाव्या हाताने चकरी फिरवत होता, थांबत होता, पुन्हा फिरवत होता. सुलोचनाबाईला एवढ्या दुरूनही त्याचा चेहरा दिसतोय असं वाटलं. एकदा पाण्यावर रुंद, चंदेरी पाठ वर आली आणि सगळी पाळ हुंकारली.

मग मासा खोडांत शिरला. दोरा कुठेतरी मुळाला वळसा घालून अडकला. डोंगा फिरून आडवा झाला, मनिरामचा बांधलेला हात खाली ओढला गेला, त्याच्यासोबत खांदा, आणि डोंगा उलटला.

तो एकदा वर आला. डावा हात ट्यूबच्या गाठीवर होता. ओलं रबर निसटत होतं. दोरा सरळ खाली गेला होता आणि काडी त्याच्या हाताला धरून खाली गेली होती. तो पुन्हा पाण्याखाली गेला.

सुलोचनाबाई पाळीवरून उतरून पाण्यात धावली ती छातीपर्यंत. "तोडा!" ती ओरडत होती. "दोरा तोडा वो, तोडा!" दोरा तुटत नव्हता.

सगळ्यात आधी जाळं सोडलं गोवर्धनने. त्याच्यामागे त्याच्या बाजूच्या सगळ्यांनी. कमरेचा चाकू दातांत धरून तो पोहत गेला. बुडी मारली. वर आला, पुन्हा मारली. ट्यूब कापली गेली तेव्हा मनिराम मोकळा झाला आणि काडी तशीच, दोऱ्यासकट, खोडांमध्ये खाली निघून गेली.

त्याला पाळीवर पालथं घातलं. पाणी निघालं. श्वास लागला. आखूड हातावर पट्टीचे निळे वळ उमटले होते.

जाळ्याचं एक टोक सुटलं होतं. माणसं परत पाण्यात गेली, राहिलेलं जाळं ओढलं. जे बाहेर आलं ते पाळीवर ओतलं. दर वर्षीच्या निम्मंही नव्हतं. व्यापाऱ्यांपैकी एकाने मोटारसायकल सुरू केली आणि तो निघून गेला. कुणीही मनिरामला काही बोललं नाही. केशोरावसुद्धा. शिवी आली असती तर सुलोचनाबाईला बरं वाटलं असतं.

ढीग पडू लागले. छोटे, मोजून-मापून. हातच्यांची रांग संपत आली तेव्हा गोवर्धन हातात एक रोहू घेऊन थांबला. त्याचे कपडे अजून ओलेच होते, ओठ निळे पडलेले. त्याने रांगेच्या टोकाला आणखी एक जागा पायाने साफ केली.

"इथं नोको," मनिराम म्हणाला.

गोवर्धनने मान वर केली.

"तिकडं टाक."

तो डाव्या हातावर रेटून उठला. चालत बसत्यांपर्यंत गेला आणि केशोरावच्या बाजूला बसला. केशोराव जरासा सरकला. गोवर्धनने तिकडे जाऊन त्याच्यापुढे मासोळी ठेवली, छोटी, काटेरी, मूठ-दीड मूठ. मनिरामने बायकोकडे पाहिलं.

"पिशवी दे नं."

वर्षभर हेच तर म्हणत होती ती. घ्या, अर्धा तं अर्धा. आता तिची बोटं पिशवीचं तोंड उघडेनात.

संध्याकाळी प्रफुलचा फोन आला. कुणीतरी त्याला आधीच सांगितलं होतं. तो रडत होता. "मी आनली नसती तं," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "साधीच पायजे होती, माय. साधी बांबूची."

"नाई रे," सुलोचनाबाई म्हणाली. "चांगली होती." तिने फोन ठेवला.

तिने मासोळी रांधली. मनिराम जेवायला बसला. हात गेल्यापासून त्याने तिला कधी आपल्या ताटाला हात लावू दिला नव्हता; एका हाताने, वेळ लागला तरी, स्वतःचं स्वतःच केलं होतं. छोट्या माशाचे काटे त्याच्या डाव्या बोटांना सापडेनात. त्याने एकदा काढून पाहिलं, दोनदा पाहिलं. मग ताट तिच्याकडे सरकवलं.

"काटे काढून दे," तो म्हणाला.

ती बल्बखाली सरकली आणि एकेक काटा काढू लागली.