सरबताचा थांबा

दिगूदादा गेल्याचा निरोप नाशिक रोडला ऑफिसात आला, तेव्हा मी डबा उघडत होतो. तो तसाच बंद करून रिक्षा पकडली. आता महिना होत आला, तरी जुन्या नाशकातल्या आमच्या गल्लीत शिरलं की नजर आधी त्यांच्या ओट्याकडे जाते...

दादा तांबट. हंडे-घागरी घडवण्यात गल्लीत त्यांच्या हाताला तोड नव्हती. आमच्या मंडळाची विसर्जनाची मिरवणूक सत्तरच्या दशकात त्यांच्याच शिट्टीवर चालायची. मशिदीपाशी शिट्टी वाजली की ढोल थांबत. शेजारच्या बोळातून युसूफचाचांच्या घरची माणसं सरबताच्या कळशा घेऊन येत. पेले रिकामे झाले की दुसरी शिट्टी. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी कधीतरी ठरवलं होतं, आम्ही पाळत आलो एवढंच.

ऐंशीनंतर दिवस बदलले. दूर कुठे दंगल झाली तरी आमच्याकडे बंदोबस्त वाढायचा. शांतता समितीची बैठक व्हायची, सगळे चहा-बिस्किटं खाऊन सलोख्यावर बोलायचे. सरबताचं मात्र कुणीच सांगितलं नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊकच आहे असं आम्ही धरून चाललो. तिथंच आमचं चुकलं. एका वर्षी पोलीस अधिकारी नवे आले, तुकडीही बाहेरगावची. मशिदीसमोर ढोल एकाएकी बंद पडले, जमाव गप्प झाला आणि बोळातून पाच-सहा जण हातात काहीतरी घेऊन धावत आले. साहेबांना वाटलं, पेटलं. त्यांनी लाठीचा हुकूम दिला.

दादा हात पसरून मध्ये गेले. काठी त्यांच्या उजव्या हातावर बसली आणि ते खाली कोसळले. आमच्यातला कुणीतरी ओरडला, "दादांना मारलं." पोरांचे चेहरे बदललेले मी पाहिले, समोरच्या पोलिसांचेही. मला खरोखर भीती वाटली. दादा कसेबसे उठले.

"कुणी मारलं नाय रे. गुलालानं रस्ता लय निसरडा झालाय, पाय घसरला माझा," ते म्हणाले. मग चाचांकडे वळले, "युसूफभाई, सरबत आणा. पहिला पेला साहेबांना."

साहेब प्यायले. मिरवणूक पुढे गेली आणि गोदावरीवर विसर्जन नीट पार पडलं.

हाड सांधलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. हातोडा कायमचा सुटला. चौकशीला माणूस आला, त्यालाही दादांनी पाय घसरल्याचंच सांगितलं. मी चिडून म्हटलं, "दादा, आता तरी खरं बोला."

"तेव्हा गप्प बसलो, ते आता बोलून फुकट घालवू का?"

मला ते पटलं नाही, आजही पुरतं पटत नाही. काठी चालवणाऱ्याला कुणी साधा जाबसुद्धा विचारला नाही.

निदान वहिनींना तरी खरं कळावं म्हणून परवा त्यांच्याकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मला त्याच दिवशी कळलं होतं, भाऊजी. घसरलेल्या माणसाच्या दंडावर काठीचा वळ कसा उठेल? पण दोन्ही पोरं तरणी, तापट. मी विचारलं असतं तर पोरांच्या कानावर गेलं असतं..."

भिंतीवर दादांचा सदरा अजून होता. त्याची खुंटी बाकीच्यांपेक्षा हातभर खाली होती. मी तिकडे पाहतोय हे वहिनींच्या लक्षात आलं.

"मीच ठोकली, त्यांचं प्लॅस्टर निघालं तेव्हा," त्या म्हणाल्या. "इतकी खाली का, हे त्यांनीही कधी विचारलं नाही."