अम्मीचं मराठी वाक्य

नांदेडच्या कॉलेजात मराठी शिकवायला लागलो तेव्हा खोली शोधण्यात महिना गेला. नाव सांगितलं की खोली आधीच दिलेली असायची. शेवटी एका काकूंच्या दारात मी फक्त आडनाव सांगितलं. आमचं आडनाव दोन्हीकडं चालतं.

"मूळचे कुठले, सर?"

"औशाचे."

"मंग आपल्याच भागातले की. माझं माहेर लातूरचं," काकू म्हणाल्या आणि किल्ली दिली.

मी खोटं बोललो नव्हतो, असं स्वतःला तीन वर्षं सांगत राहिलो. संकष्टीला काकू वरच्या खोलीत मोदक पाठवायच्या, मी डबा घासून परत द्यायचो. शुक्रवारी नमाजला दूरच्या मशिदीत जायचो. टोपी खिशात.

घरी आम्ही दखनी बोलतो. अम्मीचा फोन आला की मी खिडकी लावून घ्यायचो आणि उत्तरं मराठीत द्यायचो. "हो, जेवलो. बरं आहे. ठेवतो." पहिल्यांदा ती हसली, "मेरे से मराठी कायकू बोल रा रे?" नंतर तिनं विचारणं बंद केलं.

एकदा ती न सांगताच निघाली. लातूरला गाडी बदलताना तिथल्या कुणाच्या तरी मोबाइलवरून फोन केला. मी वर्गातून सुटून नांदेडच्या स्टँडवर पळालो. ती उतरली तेव्हा ओळखायला मला क्षणभर वेळ लागला. अंगावर बुरखा नव्हता. हिरवी साडी, डोक्यावर पदर. बुरखा घडी करून पिशवीत, भाकरी आणि अंबाड्याच्या भाजीच्या डब्याखाली.

"लातूर में उतार दी," ती म्हणाली. "तेरी घरमालकीन कू अच्छा नै लगेंगा बोलके."

मी तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. फोनवरच्या माझ्या मराठीतूनच तिनं सगळं ओळखलं होतं.

मग शाळेतल्या मुलीसारखी ताठ उभी राहून तिनं म्हणून दाखवलं, "मी सरांची आई हाय. औशाहून आले." शेजारच्या बाईंकडून आठ दिवस घोकून घेतलेलं वाक्य. "बराबर बोली ना?"

"बराबर," मी म्हणालो. आणि तिला कँटीनमध्ये नेलं. काकू गावाला गेल्यात, खोलीला कुलूप आहे, असं सांगितलं. खोलीची किल्ली माझ्या खिशात होती. चहा झाला, तिनं माझ्यासाठी भाकरी काढली, मी खाल्ली. तीनच्या गाडीत तिला बसवून दिलं. खिडकीतून ती म्हणाली, "फिर कभी आऊंगी. तू टेन्शन नक्को ले."

पुढच्या हिवाळ्यात ती झोपेतच गेली.

पंधरा दिवसांनी परत आलो तेव्हा काकू जिन्यात थांबल्या. "सर, दिवस घाटावरच केले का गावात?"

दुसरं एखादं खोटं जिभेवर आलंही होतं. पण मी म्हणालो, "काकू, आमच्यात दफन करतात."

त्यांनी कठडा धरला. मग एवढंच बोलल्या, "एकदा तरी आणायचं होतं त्यांना."

त्या रागावल्या होत्या की हळहळल्या, मला आजही सांगता येत नाही. अम्मी त्यांच्या दारात उभी राहिली असती तर त्यांनी आत घेतलं असतं की नसतं, तेही कळायला आता मार्ग नाही. घेतलं नसतं, असं मीच परस्पर ठरवून टाकलं होतं. दोघींच्या वतीनं.

जा, असं मला कुणी म्हणालं नाही. तरी महिनाअखेर मी सामान बांधलं. आता आमच्याच लोकांच्या मोहल्ल्यात राहतो. इथं कुणापासून काही लपवावं लागत नाही. फक्त बोलायला लागलो की शेजारी हसतात, म्हणतात, सर, तुमची दखनी पुस्तकातल्या मराठीसारखी वाटते. मी सुधारायचा प्रयत्न करतो. पण जिच्याशी बोलून ती सुधारली असती, तिला मी शेवटची तीन वर्षं "ठेवतो" एवढंच म्हणत राहिलो.