टाचणीबाईची कंबर

कपडे बेतून, उसवून, पुन्हा शिवून देणाऱ्या त्या बाईला सगळी गल्ली टाचणीबाई म्हणायची. ट्रायल घेताना तिच्या ओठांत टाचण्या असायच्याच. पण गिऱ्हाईक गेलं तरी त्या बाहेर यायच्या नाहीत. लोक मूग गिळून बसतात, ही टाचण्या धरून बसायची. कुणी काही विचारलं की उत्तर एकच, "हं."

तिची कंबर बारा महिने तेरा त्रिकाळ दुखायची. ढोंग नव्हतं ते. मशीनवर वाकून वाकून धरलेली कंबर होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पट्टा दिला आणि हे आता असंच चालायचं म्हणून हात टेकले. तिनेही जमवून घेतलं. नवरा गेल्यापासून सोबतीला तेवढंच तर होतं.

लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती. तिचा रविवारी फोन यायचा. कंबर कशी आहे, दुखतेय, गोळी घेतलीस का, हं. संपलं बोलणं. फारच दुखतंय म्हटलं की लेक रजा काढून यायची, शेक द्यायची, आणि ती असेपर्यंत कंबर बरीच शहाण्यासारखी वागायची. असं का, हे टाचणीबाईने स्वतःला कधी विचारलं नाही. राग येवो, वाईट वाटो, तिच्या लेखी सगळं कंबरेतच व्हायचं. नवरा गेला तेव्हा भेटायला आलेल्यांनाही तिने कंबरेचंच सांगितलं. लोकांनी नावं ठेवली. बिचारीकडे दुसरे शब्दच नव्हते.

मग दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक मुलगी भेटली. या खेपेला दुखणं वाढलं तेव्हा काय चाललं होतं, असं तिने विचारलं. लेकीचा फोन नुकताच ठेवला होता, टाचणीबाईने सांगितलं.

"आणि मावशी, तेव्हा वाटत काय होतं?"

"दुखत होतं."

"ते झालंच. त्याशिवाय?"

टाचणीबाई चिडली. कंबरेला काय वाटायचंय, असं पुटपुटत पट्टा बांधून घरी आली.

दुसऱ्या दिवशी एक बाई कोट घेऊन आली. बगलेत काचतोय म्हणाली. टाचणीबाईने खांद्याची शिवण उसवायला घेतली, तशी बाईने विचारलं, काचतंय बगलेत, तर खांद्याला हात कशाला?

"काचतं एकीकडे, चुकलेलं असतं दुसरीकडे," टाचणीबाई म्हणाली आणि कात्री धरलेला तिचा हात थांबला.

बाई गेली. समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे ती बराच वेळ बघत राहिली. दुकानात फार शांत होतं. रोजच असायचं. डोळे भरले. आपल्याला एकटं वाटतंय, किती वर्षं वाटतंय, हे तिला त्या स्टुलापुढे कळलं. कंबर दुखतच होती, पण हे दुखणं वेगळं होतं.

रविवारी फोन आला तेव्हा ती एका झग्याचा घेर दुमडत होती. पुढच्या आठवड्यात लेक यायची होती. तिने नेहमीचं विचारलं. टाचणीबाईने प्रामाणिकपणे सांगितलं, रोजच्या मानाने बरी आहे.

लेकीचा जीव भांड्यात पडला. मग या वेळचं येणं राहू देते, म्हणाली. ऑफिसात मान वर करायला फुरसत नाही, पुढे बघू कधीतरी.

एक शब्द पुरला असता. दुखतेय म्हटलं असतं, तर लेक मिळेल त्या गाडीने आली असती. शब्द अगदी जिभेवर होता. टाचणीबाईने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मशीनजवळच्या छोट्या गादीत खोचल्या.

"आई, ठेवू का मग?"

"कंबर बरी आहे," ती म्हणाली. "तरी ये. मला करमत नाही गं."



"गोळी घे..." लेक सवयीने म्हणाली, आणि मधेच थांबली.