दोराचं बोलले का?

कारंज्याच्या बैलबाजारात दोन माणसं दुपट्ट्याखाली हात घालून उभी राहिली की रंगराव वांगीवाला कुठूनही येऊन त्यांच्या शेजारी उभा राही. त्याला कुणी बोलावलेलं नसे. बैल त्याचा नसे, पैसा त्याचा नसे. एकमेकांची बोटं दाबून गुपचूप भाव ठरवणाऱ्या त्या दोघांना तर तो डोळ्यासमोरसुद्धा नको असे. तरी तो थांबे, आणि दुपट्ट्याखालचे हात बाहेर आले की विचारी, "दोराचं बोलले का?"

बाजार हसे. कारण दोराचं बोलायचं नसतंच. सौदा झाला की विकणारा बैलाचा दोर घेणाऱ्याच्या हातात देतो आणि बैल दोरासकट जातो. सासरी निघालेल्या पोरीच्या अंगावरचं लुगडं माहेरचे काढून घेत नाहीत, इतकी ही साधी गोष्ट. दुपट्ट्याखाली ठरलेला सौदा पुन्हा उघडायचा नाही आणि दोराचे पैसे मागायचे नाहीत, हे त्या बाजारात जनावरांनाही ठाऊक होतं. एकटा रंगराव सोडून. लोक म्हणत, म्हाताऱ्याच्या डोक्यात उन्हानं भेग पडली.

भेग पडली होती हे खरं. पण ती उन्हानं पडली नव्हती.

धनजच्या रस्त्याला रंगरावाचा मळा होता. विहीर, मोट, मोटेचे दोन बैल, वांगी, मेथी, कोथिंबीर, आणि प्रयागबाई. प्रयागबाईचं नाव शेवटी आलं, पण मळ्यात तिचाच हुकूम पहिला चाले. त्यांचा एकुलता एक मुलगा जगदेव. एका साहेबाच्या बंगल्यातली बाग राखायला म्हणून तो थेट इराकात, बसऱ्याला गेला होता. तिथून त्यानं लिहून कळवलं की इथं खजुराशिवाय कुणाला काही पिकवता येत नाही, पण आपण आणलेल्या बियाण्याची मेथी काढली. झालं. त्यानंतर वर्षभर रंगरावाच्या टोपलीसमोर जो कुणी उकिडवा बसे, त्याला मेथीच्या जुडीबरोबर इराकची मेथी फुकट मिळे. "साहेब मिटक्या मारून खाते," रंगराव सांगे. साहेबाला मिटक्या मारताना आपण शेजारी बसून पाहिलं, असा त्याचा चेहरा असे.

मग जगदेवची पत्रं थांबली आणि मोहनसिंगाचं आलं. मोहनसिंग मंगरूळकडचा, बसऱ्यातच बंदरावर कामाला. त्यानं लिहिलं होतं की जगदेवची छाती बिघडली आहे, खोकल्यात रक्त येतं. डॉक्टर म्हणतो, घरी न्या, घरच्या हवेत काही दिवस तरी नीट जातील. पण बोटीवाले आजाऱ्याला एकटा घेत नाहीत, आणि माझा करार अजून संपत नाही. होळीनंतरच्या बोटीनं कुणीतरी या. उशीर करू नका.

"तुमी जा," प्रयागबाई म्हणाली. "मोटेचं मी पाहीन."

कारंज्यात समुद्राकडं जायचं दार एकच होतं, दौलतसिंग ठाकुराचं. जन्मभर बैलांची दलाली केलेला हा माणूस. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीनं त्याला आगबोटीच्या तिकिटांची एजन्सी दिली तेव्हापासून त्याच्या दुकानावर बोटीचं चित्र काढलेला पत्रा लटकत होता. समुद्र त्यानं पाहिला नव्हता. पण बैल न पाहताही त्यानं कितीतरी बैल विकले होते, तेव्हा ते अडत नसे. बोटीचंही कौतुक तो त्याच जिभेनं करी: अंगानं भरलेली, चालीला सरळ, खोड एक नाही. गिऱ्हाइकानं दात दाखव म्हणायचंच तेवढं राहिलं होतं.

"बसऱ्यापर्यंत?" रंगरावानं विचारलं.

"बसऱ्यापर्यंत. उतरशीन तो बसऱ्यातच पाय ठेवशीन."

"मधात काई नाई ना?"

"मधात पानी हाय, रंगरावभाऊ. समुद्रात दुसरं काय असते?"

रंगराव हसला. मग त्यानं मोटेच्या जोडीतला चांद्या पुढं आणला. दौलतसिंगानं बैलाच्या पाठीवर हात फिरवला, दुपट्टा झटकला, आणि दोघांचे हात त्याखाली गेले. बोटं दाबली गेली, सोडली गेली, पुन्हा दाबली गेली. चांद्याच्या बदल्यात बसरा ठरला, जाणं आणि येणं. रंगरावानं दोर दौलतसिंगाच्या हातात दिला. नवाच दोर होता, त्यानं स्वतः वळलेला. तो चांद्याच्या गळ्यातून काढून घ्यावा असं त्याच्या मनातही आलं नाही.

पासपोर्टाचे कागद दौलतसिंगानंच अकोल्याला पाठवले. फोटोसाठी रंगरावाला कुणाचा तरी कोट घालून बसवलं होतं. पासपोर्ट आल्यावर प्रयागबाईनं तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "हा कोन?"

"मी."

"असा काहून पाहून राह्यला? चोरी करून पळाल्यावानी."

तिनं गळ्यातले सोन्याचे मणी मोडले आणि ते पैसे रंगरावाच्या बंडीत आतल्या बाजूनं शिवून टाकले. "हे जगदेवच्या वापसीचे," ती म्हणाली. "याले हात नाई लावाचा." टाका तिनं दुहेरी घातला होता. नवऱ्याची बोटं तिला ठाऊक होती.

मुंबईच्या कचेरीत खिडकीमागं बसलेला कारकून तरुण आणि बरा माणूस होता. त्यानं तिकीट पाहिलं, पासपोर्ट पाहिला, आणि विचारलं, "व्हिसाची फी आणलीय ना, आजोबा?"

"कायची?"

"व्हिसाची. इराकात शिरायला तिथल्या सरकारची मोहर लागते."

"सरकारनं ह्ये पुस्तक देल्लं ना."

"हे आपल्या सरकारनं बाहेर जायला दिलं. तो आत शिरायला."

रंगरावानं थोडा विचार केला. "म्हंजे एकानं घरातून निंघू देल्लं अन् दुसरा त्याच्या दारात आडवा."

"अगदी तसंच. आणि बोट परवा सुटते, म्हणून तातडीची फी वेगळी."

"ते दौलतसिंगानं भरलं असन."

"एजंटानं फक्त बोटीचं भरलंय."

मग रंगरावानं त्या कारकुनाला चांद्याची सगळी हकीकत सांगितली. दुपट्टा सांगितला, बोटं सांगितली, दोर सांगितला. मागं रांग वाढत होती. बैलाबरोबर दोर जातो तर तिकिटाबरोबर मोहर का जात नाही, असा त्याचा सवाल होता. पेनच्या टोकानं कान खाजवत कारकुनानं तो नीट ऐकून घेतला.

"आजोबा, इथे बैल नाहीत," तो म्हणाला. "असतील तर भरून टाका. तिथे तुमच्याकडची माणसं असतील, परतीचं बघता येईल."

रंगरावाचा हात बंडीकडं गेला. पैसे होते. व्हिसा निघाला असता आणि थोडे उरलेही असते. पण जगदेवला परत आणण्याइतके उरले नसते. मग काय करायचं? पोराच्या उशाशी बसायचं, आणि बाप आला पण न्यायला आला नाही, हे त्याला कळू द्यायचं? प्रयागबाईचे मणी म्हणजे जगदेवची घरी यायची वाट होती. ती वाट मोडून दौलतसिंगाचं भोक बुजवायचं का?

हा हिशेब खरा होता. पण हिशेबाखाली रागही होता. दुपट्ट्याखालचा सौदा कुणी उघडला, असं त्याच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. वांग्याच्या टोपलीत दोन वांगी वर टाकून देणारा माणूस तो. त्याला कुणी दोराचे पैसे मागावे, आणि तेही अर्ध्या वाटेत, समुद्राच्या काठावर उभं करून, हे त्याच्या घशाखाली उतरेना. राग आणि हिशेब दोन्ही एकाच बाजूला ओढू लागले तेव्हा त्याला वाटलं, आपण बरोबर आहोत.

"पुढली बोट कवा?"

"पंधरवड्यानं. आजोबा, खरंच भरून टाका हो."

"मी दोर घेऊन येतो," रंगराव म्हणाला. त्यानं कारकुनाकडून मोहनसिंगाच्या नावे एक कार्ड लिहून घेतलं, की ह्या बोटीनं जमलं नाही, तिकिटाचा दोर राहिला तो आणायला जातो, पुढल्या बोटीनं नक्की येतो. कार्ड त्याच बोटीच्या टपालात पडलं. कार्डाला व्हिसा लागत नव्हता.

पुढं कारंज्यात जे झालं त्याची गोष्ट बाजारात पुष्कळ दिवस रंगवून सांगितली जाई. रंगराव गाडीतून उतरून घरी न जाता थेट दौलतसिंगाच्या दुकानापुढं जाऊन बसला. बोटीच्या पत्र्याखाली, उन्हात.

"ठाकूर, माह्या बैलाचा दोर तू घेतला. तुह्या तिकिटाचा दोर दे."

"आरे, व्हिसा म्हंजे गिऱ्हाईक तिथं भरते. सबको मालूम है."

"मले नाई मालूम. मी इचारलं होतं, मधात काय हाय. तू म्हनला पानी."

लोक जमले. बैलबाजारातले जुने जानराव पाटील आले. जनावरांच्या तंट्यात त्यांचा शब्द शेवटचा असे. त्यांनी दोघांचं ऐकलं, तंबाखू मळली, आणि म्हणाले, "दौलतसिंग, त्यानं दोर सोडून घेतला होता का?"

"नाई."

"मंग?"

"हे बैलाचं नाई ना, पाटील. हे आगबोटीचं हाय."

"तू दुपट्टा टाकला. दुपट्टा टाकला तवाच आगबोट बैल झाली."

बाजार खो खो हसला. दौलतसिंगही हसला, कारण दुसरं काही करण्यासारखं राहिलं नव्हतं. त्यानं आत जाऊन व्हिसाचे आणि दुसऱ्या फेरीच्या रेल्वेभाड्याचे पैसे आणले आणि सगळ्यांसमोर रंगरावाच्या ओंजळीत टाकले. कुणीतरी रंगरावाच्या कपाळाला गुलाल फासला. वांगी विकणाऱ्या माणसानं आगबोटीच्या कंपनीकडून दोर वसूल केला, असा डंका धनजपर्यंत गेला.

गर्दी पांगल्यावर दौलतसिंग हळू आवाजात म्हणाला, "तू भरून जाले पाह्यजे होतं, रंगराव. वापस येऊन मांगतले असते तरी म्या देल्लेच असते."

"देल्ले असते?"

"आज देल्ले ना."

रंगराव कपाळावरचा गुलाल न पुसता घरी गेला. मोटेला एकच बैल उरल्यानं मोट थांबली होती. प्रयागबाई विहिरीतून बादलीनं पाणी शेंदून वाफ्यांना घालत होती. त्याला बघून तिनं बादली खाली ठेवली आणि त्याच्या मागं पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

त्यानं सगळं सांगितलं. पाटलांचा निवाडा सांगताना त्याच्या आवाजात थोडी ऐट आली. तिनं मान डोलावली आणि पुन्हा बादली सोडली.

दुसऱ्यांदा मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी तार आली. तार वाचून दाखवायला पोस्टमास्तर स्वतः मळ्यापर्यंत चालत आले, म्हणजे ती न वाचताही कळली.

पोळ्याच्या सुमारास करार संपवून मोहनसिंग आला. जगदेवची ट्रंक घेऊन तो मळ्यात येऊन बसला. विचारल्यावर त्यानं सांगितलं की बोट यायच्या दिवशी जगदेवनं दाढी करून घेतली होती. बिछाना बांधून, दोन माणसांच्या आधारानं तो धक्क्यावर येऊन बसला. डॉक्टर नको म्हणत होता, पण तो ऐकेना. म्हणे, बाबा गर्दीत भांबावतील, त्यांनी मला लांबूनच पाहायला पाहिजे. माणसं उतरून संपली, मग मालही उतरला. तरी तो उठेना. संध्याकाळी कार्ड हातात आलं.

"वाचलं त्यानं?" रंगरावानं विचारलं.

"वाचलं. मले म्हने, बाबा दोर आनाले गेले." मोहनसिंग जमिनीकडं बघत होता. "हसला बी थोडासा. त्या दिवशीची हवा लागली का काय, मंग पडला तो उठलाच नाई. पुढली बोट यायच्या आधीच झालं."

मग प्रयागबाईनं विचारलं, आणि तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव विचारावा तसा.

"बंडीत पैसे होते ना तुमच्याजवळ?"

"ते त्याच्या वापसीचे होते."

"हो," ती म्हणाली. "म्याच म्हनलं होतं, हात लावू नका."

ती उठली आणि ट्रंक उघडली. कपड्यांच्या खाली फडक्यात बांधलेलं मेथीचं बियाणं होतं, तिकडच्या पिकाचं. त्या रब्बीत तिनं ते एका वाफ्यात पेरलं. ती मेथी टोपलीत कधी आली नाही आणि तिच्याविषयी रंगराव कुणाशी काही बोलला नाही.

बंडी तिनं उसवली नाही, त्यानं उसवायला सांगितली नाही. दौलतसिंगाकडून जिंकलेले पैसे मात्र वेगळ्या पुरचुंडीत होते. बाजाराच्या दिवशी ती पुरचुंडी कमरेला लावून रंगराव बैलबाजारात जाऊन उभा राही. दुपट्ट्याखालचे हात बाहेर आले की विचारी, "दोराचं बोलले का?" बहुतेक जण हसून पुढं जात. पण कधी एखादा परगावचा माणूस, ह्या बाजाराची रीत ठाऊक नसलेला, दोर सोडून घ्यायला लागे. घेणारा भडके, सौदा मोडायला निघे. त्या वेळी रंगराव कमरेची पुरचुंडी सोडून विकणाऱ्याच्या हातात दोराची किंमत ठेवी.

"घे बाप्पा," तो म्हणे. मग घेणाऱ्याकडं वळे. "अन् तू नीघ. वाटंत थांबू नको."

एकदा असा तंटा दौलतसिंगाच्याच सौद्यात झाला. रंगरावानं पुरचुंडी सोडली तेव्हा दौलतसिंगानं त्याचा हात धरला.

"राहू दे. म्या देतो."

"तू मागंच देल्ले," रंगराव म्हणाला. "ह्ये तुहेच हायेत."