पाचवं गाणं

आमच्या अल्बममध्ये सात गाणी होती, आता सहा आहेत. पाचवं कुठं गेलं असं कुणी विचारलं तर मी काहीतरी थातुरमातुर सांगून विषय बदलतो. खरं कारण मी कुणालाच नीट सांगितलेलं नाही.

आम्ही नंदुरबारच्या कडेला घरकुलात राहतो. झोपडपट्टीतून उठवलेल्या लोकांसाठी बांधलेल्या चार मजली इमारती आहेत या. अल्बम या इमारतींवरच होता. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही म्हणून हंडे घेऊन जिन्यात लागणारी रांग, दुसऱ्या मजल्यावर शेळी घेऊन राहायला आलेली म्हातारी, डोंगरातली जी कुटुंबं कुलूप लावून गुजरातला ऊसतोडीला जातात आणि परत आल्यावर ज्यांच्या घरातला नळच गायब असतो, ती. यातलं काहीही मला बनवावं लागलं नाही. मी अहिराणीत लिहायचो, आणि माझा मित्र बीट तयार करायचा. त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. दुपारी शटर ओढून, भिंतींना गोधड्या टांगून आम्ही तिथंच रेकॉर्डिंग करायचो.

चार गाणी झाल्यावर त्यानं ती ओळीनं लावली आणि हेडफोन काढून ठेवले.

"चांगलं शे सगळं," तो म्हणाला. "पन छातीमा काही होत नही. दर्द पाहिजे. तुन्हा घरमा काही शे का?"

घरात तसं काहीच नव्हतं. माझे वडील मिरचीच्या पथारीवर काम करायचे. पथारी म्हणजे शहराबाहेरचं मोकळं मैदान, तिथं ओली लाल मिरची पसरून वाळवतात. बरीच वर्षं ते तिथं होते, आणि शेठनं विश्वासानं गोडाऊनची किल्ली त्यांच्याकडंच दिलेली होती. मिरचीच्या धुळीनं त्यांचे डोळे कायम लाल असायचे. दारूला त्यांनी जन्मात हात लावला नाही. लग्नात बाकीचे पुरुष मांडवामागं गेले की ते आचाऱ्यापाशी जाऊन कांदे चिरत बसायचे. कामावरून घरी आले की आम्हा भावंडांना जवळ येऊ द्यायचे नाहीत. "थांबा, हात तिखट शेतस," म्हणायचे. मग तेल चोळून, दोनदा साबण लावून हात धुवायचे आणि तरीही आमच्या तोंडाला हात लावायचे नाहीत. पाठीवरूनच फिरवायचे.

मी ते सगळं घेतलं आणि उलटं केलं. लाल डोळे दारूचे केले. पोरांना जवळ न घेणारा बाप तसाच ठेवला, फक्त मिरची काढून टाकली. आईला दारामागं लपणारी, मार खाणारी केलं.

"लाल डोया बापना, दारनामांगे माय,
बाप हात उचलस, माय बोलत नाय."

एकाच दुपारी गाणं झालं. मित्राच्या अंगावर काटा आला. त्यानं माझ्या वडिलांना पाहिलेलं होतं, पण त्यानं काही विचारलं नाही, आणि मीही काही बोललो नाही. घरी मी आईला इअरफोन लावून बाकीची गाणी ऐकवली. पाचवं वगळलं. म्हणजे मी काय केलंय हे मला तेव्हाच कळत होतं.

अल्बम ऑनलाइन टाकला आणि पाचवंच गाणं चाललं. त्या दोन ओळींवर पोरं व्हिडिओ करायला लागली. एकानं मोबाईलवर माझी मुलाखत घेतली आणि विचारलं, "हे सगळं खरं आहे का?" मी क्षणभरही न थांबता म्हणालो, "सगळं जगलेलं आहे." त्या दिवशी मी नवीन शर्ट घातला होता.

पुढं काही दिवसांनी आई भाकरी थापता थापता म्हणाली, "गोडाऊनची किल्ली आता तुन्हा बापकडे नही."

मी विचारलं, "का?"

भाकरी तव्यावर टाकत तिनं सगळं सांगितलं. पथारीवर ते गाणं प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये होतं. देठं खुडणाऱ्या बायका ते चालू असलं की वडील जवळ येताच बंद करायच्या. मुकादम सकाळी बोलण्याच्या निमित्तानं त्यांच्या तोंडाचा वास घ्यायचा. इतकी वर्षं तेच लाल डोळे सगळ्यांनी पाहिले होते, त्या मुकादमाचे स्वतःचे डोळेही तसेच होते. पण आता मुलानंच सांगितलं म्हटल्यावर लोकांना दुसरं काही दिसेना. शेठनं किल्ली मागून घेतली आणि दुसऱ्याकडं दिली.

"मग बाबांनी सांगितलं का नाही, की ते खोटं आहे?"

आईनं तवा खाली उतरवला. "मी बी तेच म्हनलं. तर म्हने, मन्हा पोऱ्या खोटा शे, असं मी चार लोकसले कसं सांगू?"

मी दुसऱ्या दिवशी पथारीवर गेलो. सगळ्यांसमोर सांगायचं असं ठरवून गेलो होतो. वडील टोकाला पोती शिवत होते. मी मुकादमाला म्हणालो की गाण्यातलं सगळं मी मनानं लिहिलंय, माझे वडील पीत नाहीत, त्यांनी आईवर कधी हात उचलला नाही. बोलताना मिरचीचा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. देठं खुडणाऱ्यांपैकी एक वयस्क बाई उठली, तिनं मला पाणी दिलं आणि हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ दे बेटा. बाप शे शेवटी, झाकनंच पडस."

तिला मी बापाची अब्रू झाकणारा गुणी मुलगा वाटलो. त्याहून जास्त लाज मला तोवर कधी वाटली नव्हती. वडिलांनी एकदा वर पाहिलं आणि पुन्हा सुतळी ओढायला लागले.

त्याच दिवशी मी गाणं काढून टाकलं. अर्थात लोकांकडं ते होतंच.

इथं थांबलो असतो तर निदान सांगताना मान थोडी वर ठेवता आली असती. पण दोनेक महिन्यांनी शहाद्याच्या एका कॉलेजनं कार्यक्रमाला बोलावलं. सहा गाणी झाली. समोरची पोरं पाचव्यासाठी ओरडायला लागली, बाकड्यांवर ताल धरायला लागली. मित्रानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, आणि तो नाही म्हणण्याचा इशारा नव्हता. मी ते पूर्ण गायलो, आणि मनापासून गायलो. 'दारनामांगे माय' ही ओळ मी माईक पुढं धरून पोरांकडून म्हणवून घेतली.

कुणीतरी त्याचा व्हिडिओ वडिलांना दाखवला. दोन दिवसांनी आम्ही जेवत असताना ते म्हणाले, "आवाज चांगला लागना तुन्हा." टोमणा मारणं त्यांना जमत नाही. त्यांना खरंच आवाज आवडला होता. माफी मागायचं मनात आलं, पण शब्द जुळवेपर्यंत ते ताट घेऊन उठले. ती माफी मी अजून मागितलेली नाही. ते गाणं मात्र त्यानंतर मी कुठंच गायलो नाही.

वडिलांनी पुढं ती पथारी सोडली. आता इमारतीतल्या पाण्याच्या मोटारीकडं तेच बघतात. मी नवापूरला एका पोल्ट्रीच्या ऑफिसात लागलो आहे, रोज रेल्वेनं जातो. मित्र अधूनमधून नवीन बीट पाठवतो. मी ऐकतो, पण लिहायला बसलो की घरातल्या माणसांवर नजर जाते आणि मी वही मिटतो.

गेल्या महिन्यात आमच्या मजल्यावर एक नवीन कुटुंब राहायला आलं. वडील जिना चढत होते, तेव्हा त्या बाईनं आपल्या मुलीला पटकन दारात ओढून घेतलं. वडील भिंतीला लागून, अंग चोरून वर गेले, त्यांना सवय झाली आहे. मी मागंच होतो.

"ताई," मी म्हणालो, "माझे वडील दारू पीत नाहीत. कधीच नाही. तुम्ही ऐकलंय ते खोटं आहे."

ती गोंधळली. "पण ते गाणं तर तुम्हीच म्हटलंय ना?"

"हो," मी म्हणालो. "मीच."