पुन्हा थिजलेली कालवं

आम्ही बांद्याला लग्नाला गेलो तेव्हा फ्रीजरमधली कालवांची पिशवी सपाट होती. परत आलो तर ती एका कोपऱ्यात गोळा होऊन दगड झालेली. म्हणजे मधे वीज जाऊन कालवं वितळली होती आणि वीज आल्यावर परत थिजली होती. किती वेळ वितळलेली होती, कोण सांगणार? शेजारीण म्हणाली, "लाईट येय होती, जाय होती." झालं!

ती कालवं आईने खाडीतल्या दगडांवरून स्वतः फोडून आणली होती, माझ्या भावासाठी. तो बोटीवर असतो, वर्षातून एकदा येतो आणि आल्या आल्या त्याला कालवांचं सुकं लागतं. त्या दिवशी संध्याकाळी तो पोचणार होता.

पूर्वी हा प्रश्नच पडला नसता. वाडीतल्या बायका शंकेची मासळी आईच्या नाकाखाली धरायच्या. तिने नाक मुरडलं की मासळी उकिरड्यावर. पण मागच्या मोठ्या तापात तिला वास यायचा बंद झाला तो कायमचा.

कालवं सुटी झाल्यावर तिने वाडगा माझ्यापुढे धरला. "वास घे गो."

मी घेतला. समुद्राचा आला. ताज्या कालवांनाही तोच येतो. परत घेतला, तर नुसता फ्रीजचा आला. मला रडूच फुटलं. जन्मभर तिच्या नाकावर जेवले, माझं कधी वापरलंच नव्हतं.

"लसूण टाकून बघुया," म्हणत तिने कालवं शिजत घातली. रानातली आळंबी शिजवताना आमच्याकडे लसणीची पाकळी टाकतात. काळी पडली तर आळंबी विषारी. पाकळी पांढरीच राहिली आणि आई खूश. आळंब्यांच्या बाबतीतही ज्याचा भरवसा नाही, ते कालवांना कुठून लागू पडणार? पण फेक म्हणायला माझी जीभ उचलेना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मी पाठ फिरवली तेवढ्यात तिने वाटीभर खाऊनही टाकली. "सांजेपर्यंत माका काय झाला नाय, तर तेका वाढ."

मी ओरडले तिच्यावर. मग दुपारभर तिचा चेहरा बघत बसले. विचारलं की म्हणायची, "बरी आसंय." बाळंतपणातही हूं की चूं न केलेली बाई ती, तिच्या बरी असण्यावरून काय ओळखायचं?

भाऊ नांदगावला उतरल्याचा फोन आला. मी टोप उचलला आणि माडाच्या मुळात रिकामा केला. वाटलं, आता भांडेल, रडेल. ती नुसती पायरीवर बसली आणि दोन्ही हात पोटावर दाबून म्हणाली, "बरां केलंस गो."